कॉलेज सॉकर आणि अभ्यास: अमेरिकेतील हायस्कूल विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी नववी ते बारावीचा आराखडा

दरवर्षी १५ जूनच्या मध्यरात्री अमेरिकेतील अनेक घरांत नुकतीच दहावी संपवलेली मुले फोन उशाशी घेऊन जागी असतात. कॉलेजांतील खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियमानुसार, तिच्या तीन गटांपैकी पहिल्या म्हणजे डिव्हिजन १ मधील कॉलेजांच्या सॉकर प्रशिक्षकांना दहावीनंतरच्या १५ जूनपासूनच खेळाडूशी निवडीबद्दल थेट बोलता किंवा लिहिता येते. माझ्या मुलीच्या वेळी आम्हीही ती रात्र जागून काढली होती. पहिला ईमेल बारा वाजून काही मिनिटांनी आला. दोन वाक्यांत तिच्या खेळाचे कौतुक होते आणि तिसऱ्या वाक्यात ट्रान्सक्रिप्टची मागणी होती. पुढच्या आठवड्यात आलेल्या बहुतेक पत्रांत तीच मागणी होती. आम्ही जी गुणपत्रिका पाठवली तिच्यात नववी आणि दहावीचे गुण होते, आणि ते सुधारण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

आपल्या मराठी घरांत 'आधी अभ्यास, मग खेळ' हे वाक्य लहानपणापासून कानावर पडते. सॉकरमधून कॉलेजात जाण्याचे ठरले की काही पालक याच्या उलट टोकाला जातात आणि दोन वर्षे अभ्यासाकडे थोडे दुर्लक्ष झाले तरी चालेल, असे मानतात. दोन्ही भूमिकांत अभ्यास आणि खेळ एकमेकांचे प्रतिस्पर्धी ठरतात. रिक्रूटिंगच्या, म्हणजे कॉलेज संघांसाठी खेळाडू निवडण्याच्या, व्यवहारात मात्र प्रशिक्षकाच्या मनात भरलेला खेळाडू प्रवेश विभागाच्या टेबलावरून पुढे सरकेल की नाही, हे त्याच्या गुणपत्रिकेवर ठरते, आणि गुण जितके भक्कम तितकी कॉलेजांची यादी लांब होते. ही गोष्ट धरून चार वर्षांचे नियोजन कसे करावे, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: कोठे काय मिळते ते समजून घ्यावे

कॉलेज सॉकर म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे मोठी विद्यापीठे आणि पूर्ण शिष्यवृत्ती उभी राहते. डिव्हिजन १ मध्ये अनेक वर्षे पुरुषांच्या संपूर्ण संघाला मिळून ९.९ आणि महिलांच्या संघाला १४ शिष्यवृत्त्या देता येत असत, आणि प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून पंचवीस-तीस खेळाडूंत वाटत असत. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या, एनसीएएविरुद्धच्या 'हाऊस' खटल्यातील तडजोडीनंतर, तिच्यात सामील झालेल्या विद्यापीठांवरील शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, पण सॉकर संघातील खेळाडूंची संख्या २८ वर बांधली गेली. मर्यादा उठली म्हणजे प्रत्येक विद्यापीठाच्या सॉकर विभागाकडे पैसा आला, असे समजू नये. आणि २८ जागा चार इयत्तांत विभागल्या तर वर्षाला सात होतात. त्या सातांपैकीही काही ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसरे कॉलेज सोडून, येणाऱ्या अनुभवी खेळाडूंना, तर काही परदेशातून येणाऱ्या, वयाने मोठ्या खेळाडूंना जातात. पुरुषांच्या सॉकरमध्ये हे विशेष जाणवते.

डिव्हिजन २ मध्ये पुरुषांच्या संघाला ९ आणि महिलांच्या संघाला ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा आहे. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. आयव्ही लीगची आठ विद्यापीठे डिव्हिजन १ मध्ये खेळतात, पण तीही खेळासाठी पैसे देत नाहीत. तेथे मिळणारी मदत कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. यांखेरीज एनएआयए ही स्वतंत्र संघटना आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजे आहेत, आणि उशिरा बहरणाऱ्या खेळाडूला तेथे खरी संधी असते.

डिव्हिजन ३ हे नाव ऐकून पुष्कळ पालकांचा चेहरा उतरतो, तो उतरू नये. २०२२ मध्ये डिव्हिजन ३ च्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात शिकागो विद्यापीठाने विल्यम्स कॉलेजचा २-० असा पराभव केला. त्या संघाच्या प्रशिक्षक ज्युलियान सिच या पुरुषांच्या सॉकर संघाला एनसीएए विजेतेपद मिळवून देणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. अंतिम फेरीत पोहोचलेल्या या दोन्ही संस्था देशातील सर्वांत कठीण प्रवेशांमध्ये गणल्या जातात. टफ्ट्सच्या पुरुष संघाने २०१४, २०१६, २०१८ आणि २०१९ अशी चार विजेतेपदे मिळवली. एमआयटी, अॅमहर्स्ट, एमरी, कार्नेगी मेलन हीदेखील डिव्हिजन ३ मध्येच आहेत. ज्या मुलाला अभियांत्रिकी, वैद्यक किंवा संशोधनाकडे जायचे आहे आणि चार वर्षे मनापासून सॉकरही खेळायचे आहे, त्याने ही यादी पहिल्यापासून समोर ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: नववीत विषय निवडतानाच हिशेब मांडावा

डिव्हिजन १ मध्ये खेळण्यासाठी एनसीएए १६ 'कोअर' विषय मागते. येथे एक विषय म्हणजे एका वर्षाचा अभ्यास. त्यांत इंग्रजीची ४ वर्षे, अल्जिब्रा १ किंवा त्यापुढील गणिताची ३, प्रयोगशाळेसह विज्ञानाची २, या तिघांपैकी कोणत्याही विषयाचे आणखी १, सामाजिक शास्त्रांची २ आणि इतर मान्य विषयांची ४ वर्षे येतात. कोअर विषयांचा जीपीए, म्हणजे श्रेणींची ४ पैकी सरासरी, किमान २.३ असावा लागतो. डिव्हिजन २ मध्येही १६ विषयच लागतात, त्यांची विभागणी थोडी वेगळी आहे आणि जीपीए २.२ पुरतो. एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली.

या आकड्यांत एक बारीक कलम आहे. डिव्हिजन १ साठी १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण असावे लागतात, आणि त्या दहांपैकी ७ इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांतील असावे लागतात. हे गुण त्यानंतर गोठतात. बारावीत तोच विषय पुन्हा घेऊन सुधारलेली श्रेणी पात्रतेच्या हिशेबात धरली जात नाही. म्हणून दहावीत रसायनशास्त्रात 'डी' मिळाला तर त्याचा निकाल अकरावीच्या उन्हाळ्यापर्यंतच लावावा लागतो.

प्रत्येक हायस्कूलच्या मान्य विषयांची यादी एनसीएएच्या पात्रता केंद्राच्या संकेतस्थळावर पाहता येते. नववीत प्रवेश घेतानाच ती उघडून, काउन्सेलरसमोर बसून, चार वर्षांच्या तक्त्यावर खुणा कराव्यात. हायस्कूल पूर्ण करण्यासाठी शाळेला चालणारा प्रत्येक विषय एनसीएएला चालतोच असे नाही, आणि विशेषतः नापास झालेला विषय भरून काढण्यासाठी घेतलेले ऑनलाइन अभ्यासक्रम आधी तपासून घ्यावेत. आठवीत अल्जिब्रा १ झाले असेल आणि ते हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर श्रेणी व क्रेडिटसह दिसत असेल, तर तेही धरले जाते.

आता महत्त्वाचे. २.३ हा आकडा खेळण्याच्या परवानगीचा आहे, प्रवेशाचा नाही. आपल्या घरांतील मुले ज्या कॉलेजांकडे पाहतात तेथे प्रवेश विभाग विचारतो की विद्यार्थ्याने आपल्या शाळेत उपलब्ध असलेल्यांपैकी कठीण विषय घेतले का आणि त्यांत तो टिकला का. यावर एपी, म्हणजे हायस्कूलमधील कॉलेज-पातळीच्या, विषयांची रास उभी करणे हा उपाय नव्हे. ज्या सत्रात सामने आणि प्रवास जास्त, त्या सत्रात दोन जड विषय चांगल्या श्रेणीने पूर्ण करणे हे चार विषयांत घसरण्यापेक्षा कितीतरी हिताचे असते. माझ्या मुलीने अकरावीत एपी कॅल्क्युलस आणि एपी बायॉलॉजी घेतले, आणि एपी इतिहास सोडून साधा ऑनर्स इतिहास घेतला. मला त्या वेळी ते पटले नव्हते. आज वाटते की तिचा निर्णय माझ्यापेक्षा शहाणपणाचा होता.

परीक्षांचे वेळापत्रक आणि खेळाचे वेळापत्रक एकाच कॅलेंडरवर लिहावे. एपी परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत असतात आणि नेमक्या त्याच सुमारास क्लबच्या स्पर्धांचे निर्णायक सामने येतात. एसएटीसाठी अकरावीचा हिवाळा मला सर्वांत योग्य वाटतो, कारण ईशान्येकडील राज्यांत तेव्हा मैदाने बर्फाखाली असतात. डिसेंबर किंवा मार्चमध्ये पहिला प्रयत्न केल्यास ऑगस्टपर्यंत आणखी एकदा बसता येते. एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ आणि ब्राउन यांनी या परीक्षेची अट पुन्हा लागू केली आहे, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व शाखा प्रवेशासाठी ती विचारातच घेत नाहीत. यादीत कोणती कॉलेजे आहेत, यावर या परीक्षेला किती वेळ द्यायचा ते ठरवावे.

तिसरी पायरी: आठवड्याचे तास कागदावर मांडावेत

ईसीएनएल, एमएलएस नेक्स्ट किंवा गर्ल्स अकॅडमी या वरच्या पातळीच्या क्लब लीगमधील संघात खेळणाऱ्या मुलाचे आठवड्यातील तीन किंवा चार सराव, प्रत्येकी दीड तास, हे सर्वांना दिसतात. त्याला जोडून जाणारा गाडीतला वेळ कोणी मोजत नाही. आमच्या घरापासून मैदान पन्नास मिनिटांवर होते. चार सरावांचे जाणे-येणे मिळून साडेसहा तासांहून अधिक होत असे, म्हणजे सरावापेक्षाही जास्त. ते लक्षात आल्यावर आम्ही गाडीतल्या वेळाला कामे नेमून दिली. जाताना इंग्रजीचे वाचन किंवा ऐकायची पुस्तके, आणि परतताना फक्त जेवण व शांतता. गणित आणि प्रयोगवही ही कामे गाडीत होत नाहीत, ती शाळेतील मोकळ्या तासात आणि शनिवारी सकाळीच करावी लागतात.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन १३ ते १८ वयोगटासाठी ८ ते १० तासांची झोप सुचवते. सराव रात्री साडेनऊला संपत असेल आणि शाळेची बस सकाळी पावणेसातला येत असेल, तर हे गणित आपोआप जमत नाही. म्हणून झोपेचे तास तक्त्यात सर्वांत आधी लिहावेत आणि उरलेल्या वेळात बाकीचे बसवावे. जे बसत नाही ते सोडण्याचा निर्णय सप्टेंबरमध्येच घ्यावा, नोव्हेंबरमध्ये दमून नव्हे. शाळेचा संघ, क्लबचा संघ, खासगी प्रशिक्षण, व्हायोलिन आणि मंडळाच्या गणेशोत्सवातील नाटक हे सर्व एकाच सत्रात झेपेल असे मूल मी पाहिलेले नाही.

शोकेस स्पर्धांसाठी, म्हणजे कॉलेज प्रशिक्षक खेळाडू पाहायला येतात अशा स्पर्धांसाठी, शुक्रवारची शाळा बुडते. वर्षाच्या आरंभी क्लबचे वेळापत्रक हाती येताच विद्यार्थ्याने स्वतः प्रत्येक शिक्षकाला अनुपस्थितीच्या तारखा लिहून द्याव्यात आणि त्या दिवसांच्या चाचण्या जाण्यापूर्वी देण्याची तयारी दाखवावी. शिक्षक यासाठी बहुतेक वेळा मदत करतात, आणि पुढे शिफारसपत्र लिहिताना हीच गोष्ट त्यांना आठवते. शोकेसच्या हॉटेलात रात्री नऊनंतर लॉबीत एक कोपरा धरून बसणाऱ्या मुली मला आठवतात. पाण्याच्या थंड पेटीचे झाकण टेबल म्हणून वापरून, पायाला बर्फाची पिशवी बांधून त्या सोमवारच्या रसायनशास्त्राच्या चाचणीची उजळणी करीत असत. त्या गटातल्या कोणालाही आम्ही पालकांनी बसवले नव्हते. एकीने सुरुवात केली आणि बाकीच्या येऊन बसल्या.

चौथी पायरी: यादी करावी आणि पत्र विद्यार्थ्याने लिहावे

दहावीच्या हिवाळ्यापर्यंत तीस ते चाळीस कॉलेजांची यादी तयार असावी. प्रत्येक नावापुढे आधी अभ्यासाचे रकाने भरावेत: हवा असलेला विषय शिकवला जातो का, प्रवेश घेणाऱ्यांचे गुण साधारण कोणत्या पट्ट्यात आहेत, आणि कॉलेजच्या संकेतस्थळावरील नेट प्राइस कॅल्क्युलेटर आपल्या कुटुंबासाठी कोणता खर्च दाखवतो. सॉकरचा रकाना त्यानंतर येतो. संघाच्या पानावर जाऊन आपल्या जागेवर खेळणारे किती जण आहेत आणि ते कोणत्या इयत्तेत आहेत ते मोजावे. तीन गोलरक्षक असलेल्या संघात दोघी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या असतील, तर आणखी एका गोलरक्षकाने तेथे फार आशा ठेवू नये.

पत्र लिहिण्याचे काम पालकांनी करू नये. प्रशिक्षकांना हे पहिल्या ओळीतच कळते. स्पर्धेच्या दहा-पंधरा दिवस आधी पाठवायच्या पत्राच्या विषयाच्या ओळीतच हायस्कूल संपण्याचे वर्ष, खेळण्याची जागा, क्लबचे नाव आणि जर्सी क्रमांक असावा. मजकूर आठ-दहा ओळींचा पुरे. त्यात जीपीए, चालू असलेले कठीण विषय, शिकायचा विषय, सामन्यांच्या वेळा आणि मैदान क्रमांक, क्लब प्रशिक्षकाचा संपर्क आणि तीन ते पाच मिनिटांच्या चित्रफितीचा दुवा द्यावा. चित्रफितीत सर्वांत चांगले प्रसंग पहिल्या अर्ध्या मिनिटात असावेत आणि प्रत्येक प्रसंगापूर्वी खेळाडूभोवती खूण असावी. संगीत नको. एका पूर्ण सामन्याचा दुवा वेगळा द्यावा, कारण रस असलेला प्रशिक्षक चेंडू पायाशी नसतानाचा खेळ पाहू इच्छितो. हेच कॉलेज का, याविषयी एक तरी वाक्य असे असावे जे दुसऱ्या कोणत्याही कॉलेजला पाठवता येणार नाही.

१५ जूनपूर्वी डिव्हिजन १ किंवा २ च्या प्रशिक्षकाकडून उत्तर न आल्यास निराश होऊ नये, कारण नियमानुसार त्यांना निवडीबद्दल उत्तर देताच येत नाही. डिव्हिजन ३ मध्ये फोन आणि ईमेलवर असे बंधन नाही, त्यामुळे तेथील संवाद नववी-दहावीतही सुरू होऊ शकतो.

या काळात पत्रपेटी शिबिरांच्या निमंत्रणांनी भरून जाते. 'आम्ही तुझा खेळ पाहिला' असे लिहिलेले आमंत्रण शेकडो मुलांना गेलेले असू शकते. आम्ही पहिल्या वर्षी अशा तीन शिबिरांना गेलो. शुल्क, विमान आणि हॉटेल यांचा खर्च केला, आणि एका ठिकाणी शेवटच्या दिवशीसुद्धा तिला तिच्या पाठीवरच्या क्रमांकानेच हाक मारली जात होती. त्यानंतर आम्ही एक नियम केला. कॉलेज आधीच यादीत असेल आणि प्रशिक्षकाने सामन्यातील एखाद्या प्रसंगाचा उल्लेख केला असेल, किंवा क्लब प्रशिक्षकाकडे तिची चौकशी केली असेल, तरच शिबिराचे पैसे भरायचे. वर्षाला दोनच शिबिरे झाली आणि दोन्ही उपयोगी ठरली.

पाचवी पायरी: फोन सुरू झाल्यावर काय विचारावे

अकरावीपूर्वीच्या १ ऑगस्टपासून डिव्हिजन १ मध्ये भेटी देता येतात. कॉलेजने खर्च उचललेली अधिकृत भेट एका कॉलेजला एकदाच होते. डिव्हिजन ३ मध्ये अशी भेट अकरावीच्या १ जानेवारीपासून शक्य असते. फोनवर आणि भेटीत मुले बहुधा मैदान, बूट आणि प्रवासाचे विचारतात. अभ्यासाचे प्रश्न लिहून न्यावे लागतात, आणि ते प्रशिक्षकाइतकेच संघातील तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या खेळाडूंना विचारावेत.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दुपारच्या प्रयोगशाळांचा आहे. डिव्हिजन १ आणि २ मध्ये हंगामात खेळाला आठवड्याला २० तासांची आणि हंगामाबाहेर ८ तासांची मर्यादा आहे, पण प्रवास, उपचार आणि स्वतःहून केलेला सराव त्या २० तासांत मोजला जात नाही. सराव दुपारी असेल आणि सेंद्रिय रसायनशास्त्राची प्रयोगशाळाही फक्त दुपारीच असेल, तर विद्यार्थ्याने काय सोडायचे, हे त्या कॉलेजात आधीच ठरलेले असते. फक्त ते कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून असे विचारावे: 'सध्याच्या संघात अभियांत्रिकी शिकणारे किती जण आहेत? गेल्या चार वर्षांत मेडिकलच्या पूर्वतयारीचे विषय घेऊन चारही वर्षे खेळलेले कोणी आहे का? मला तिच्याशी बोलता येईल का?' उत्तरात नाव मिळाले तर चांगले. 'आमच्याकडे सर्व विषयांच्या मुली आहेत' असे मोघम उत्तर मिळाले तर संघाच्या पानावरील विषय स्वतः मोजावेत. एमआयटीमध्ये सोमवार ते गुरुवार सायंकाळी ५ ते ७ या वेळेत पदवीच्या विद्यार्थ्यांचे वर्ग ठेवत नाहीत. अशी रचना असलेल्या कॉलेजात हा प्रश्न बराच हलका होतो.

दुसरा प्रश्न प्रवासाचा. ऑगस्ट २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातील विद्यापीठे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात, म्हणजे ऐन सत्रात खंड ओलांडून सामन्याला जावे लागते. आयव्ही लीगचे संघ ईशान्येत राहून बरेचसे सामने बसने गाठतात. शरद सत्रात किती गुरुवार आणि शुक्रवार वर्गाबाहेर जातात, हे मागच्या वर्षीचे वेळापत्रक पाहून मोजता येते.

आणि एक प्रश्न घरी विचारावा. गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि पहिल्याच वर्षी खेळ थांबला, तर या कॉलेजात राहायला आवडेल का? मुलींच्या सॉकरमध्ये ही दुखापत दुर्दैवाने फार दिसते. प्रशिक्षकही नोकरी बदलतात. ज्या कॉलेजाबद्दल उत्तर 'नाही' आले, ते आम्ही यादीतून काढले, आणि त्यांत तिला सर्वांत आधी ईमेल पाठवणारे कॉलेजही होते.

सहावी पायरी: प्री-रीड, अर्ज आणि पैसा

प्रवेश कठीण असलेल्या कॉलेजांत, विशेषतः आयव्ही लीग आणि विल्यम्स, अॅमहर्स्ट, टफ्ट्स यांच्या नेस्कॅक गटात, अकरावी संपल्यावर जुलैपासून प्री-रीड होतात. प्रशिक्षक विद्यार्थ्याची तीन वर्षांची गुणपत्रिका, परीक्षांचे गुण आणि बारावीचे विषय प्रवेश विभागाकडे देतो आणि तेथून प्रवेशाची कितपत शक्यता आहे याचा अंदाज येतो. या कागदावर सॉकर जवळजवळ नसतेच. अकरावीचे दुसरे सत्र कोसळलेले असेल तर प्रशिक्षक कितीही उत्सुक असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. बारावीत हलके विषय घ्यायचे ठरवले असेल, तर तेही येथे दिसते.

प्री-रीड अनुकूल आल्यावर प्रशिक्षकाला नेमके शब्द विचारावेत: 'प्रवेश विभागाकडे माझ्या अर्जाला तुमचा पूर्ण पाठिंबा असेल का, आणि तसा पाठिंबा मिळालेल्या किती जणांना गेल्या काही वर्षांत नकार मिळाला?' तोंडी दिलेला शब्द दोन्ही बाजूंनी बंधनकारक नसतो. खेळाडूला कॉलेजशी लेखी बांधणारे पूर्वीचे नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले आणि त्याची जागा आर्थिक मदतीच्या लेखी कराराने घेतली आहे. डिव्हिजन ३ मध्ये असा क्रीडा-करार नसल्याने पाठिंब्याच्या बदल्यात विद्यार्थ्याने अर्ली डिसिजनने अर्ज करावा, अशी अपेक्षा बहुधा असते. तो अर्ज बंधनकारक असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तेथेच जावे लागते. म्हणून पैशाचा हिशेब ऑक्टोबरमध्येच पूर्ण करावा, आणि आर्थिक मदत विभागाकडून प्राथमिक अंदाज लेखी मागावा. मिळालेल्या क्रीडा शिष्यवृत्तीपेक्षा चांगल्या गुणांवर मिळालेली शैक्षणिक मदत मोठी ठरल्याची उदाहरणे माझ्या ओळखीच्या घरांतच अनेक आहेत, आणि ती दुखापतीने जात नाही.

व्हिसाचा प्रश्न आणि महाराष्ट्र-गोव्यातून येणारे विद्यार्थी

एच-४ वर, म्हणजे पालकांच्या कामाच्या व्हिसावर आश्रित म्हणून, असलेल्या मुलांना एफएएफएसए या अर्जामार्फत मिळणारी सरकारी मदत मिळत नाही, आणि २१ व्या वर्षी त्यांचा आश्रित दर्जा संपतो. म्हणून कॉलेजच्या स्वतःच्या मदतीचे नियम परदेशी अर्जदारांना कसे लागू होतात, हे यादी करतानाच पाहावे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय काम करता येत नसल्याने, नाव आणि प्रतिमेच्या मोबदल्याचे करार अशा खेळाडूंसाठी धोक्याचे असतात. कोणतीही सही करण्यापूर्वी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावे.

पुणे, मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातून थेट येऊ इच्छिणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एनसीएए नववीपासूनची प्रगतिपत्रके पाहते. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिका तर लागतातच, पण नववी आणि अकरावीची शाळेची पत्रकेही जपून ठेवावीत. दुसरी गोष्ट गणिताची. डिव्हिजन १ ला गणिताची तीन वर्षे लागतात. नववी आणि दहावी धरून दोनच होतात, म्हणून कला किंवा वाणिज्य शाखेत अकरावीला गणित सोडण्यापूर्वी हा हिशेब आधी करावा. मराठी माध्यमातील कागदपत्रांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम अर्जाच्या वर्षापूर्वीच उरकावे.

बारावीचे वर्ष

शब्द दिला गेला, अर्ज मंजूर झाला, की मुलांचे मन अभ्यासातून उठते. प्रवेशाचे पत्र मात्र अंतिम ट्रान्सक्रिप्ट पाहूनच पक्के होते, आणि उरलेले कोअर विषयही पूर्ण व्हावे लागतात. जानेवारीत मुलीची भौतिकशास्त्राची श्रेणी घसरली तेव्हा तिने आधी प्रशिक्षकाला स्वतः ईमेल लिहिला, कारण सांगितले आणि शिकवणीच्या वेळा कळवल्या. उत्तर दोन ओळींचे आले, त्यात राग नव्हता. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पुन्हा श्रेणी विचारली.

जूनमध्ये काउन्सेलरला सांगून अंतिम ट्रान्सक्रिप्ट दोन ठिकाणी पाठवावे लागते: कॉलेजला आणि, डिव्हिजन १ किंवा २ असेल तर, एनसीएएच्या पात्रता केंद्राला. त्याच महिन्यात कॉलेजकडून दोन वेगळे कागद येतात. एकात ऑगस्टपर्यंतच्या धावण्याचा आणि व्यायामाचा आठवडेवार तक्ता असतो, दुसऱ्यात गणिताच्या प्लेसमेंट परीक्षेची तारीख आणि विषयनोंदणीचा दिवस. नोंदणी करताना शरद सत्रात सर्वांत जड प्रयोगशाळा न घेता ती वसंत सत्रात घ्यावी, असे संघातील मोठ्या मुलींनी तिला सांगितले होते. तिने तसेच केले आणि दोन्ही कागद फ्रिजवर शेजारी-शेजारी लावले.